लष्करी विमानांची स्मारक नाणी: बडोद्यात एक गठ्ठा मिळतोय, काय तपासून घ्यावं?

दांडियाबाजारकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. लष्करी विमानं असलेल्या स्मारक नाण्यांचा संग्रह सुरू करतेय. बडोद्यातला एक विक्रेता एक अख्खा गठ्ठा एकच भाव लावून देतोय, सुटं काही द्यायला तयार नाही. गठ्ठ्यात हे आहे:

ब्रिटनचा २०१८ चा २ पौंडांचा पाच नाण्यांचा संच, रॉयल एअर फोर्सच्या शताब्दीचा, पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये. कॅनडाचं १९९० चं २० डॉलर, कॅप्सूलमध्ये, त्यावर लँकेस्टर बॉम्बर आणि सोनेरी लंबगोलात एक चेहरा. आईल ऑफ मॅनचे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे तीन क्राउन (मोठ्या आकाराची नाणी), मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत, पैकी एकावर हिरवट चिकट थर. मार्शल आयलंड्सचं १९९१ चं पितळी १० डॉलर. ऑस्ट्रेलियाचं १ डॉलर, वर रंगीत विमान छापलेलं. आणि एक भलंमोठं सोनेरी नाणं, स्पिटफायरचं, सोबत "२४ कॅरेट सोन्याचा थर" असं प्रमाणपत्र.

विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे तिन्ही क्राउन चांदीचे आहेत आणि सोनेरी नाणं सगळ्यात दुर्मिळ. घरात ०.०१ ग्रॅमचा डिजिटल काटा आहे, व्हर्नियर आहे, दहापट भिंग आहे. नाणी दोन दिवस घरी ठेवून बघायला मिळतील. खरंखोटं कसं ठरवायचं, हिरव्या थराचं काय करायचं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ही नाणी ठेवायची कशी?

वजनकाटा

सोनेरी नाण्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचा निकाल लगेच लागतो. त्यावर देशाचं नाव आणि दर्शनी किंमत दोन्ही आहेत का बघा. दोन्ही नसतील तर ते नाणं नव्हे, खासगी पदक आहे. "२४ कॅरेटचा थर" म्हणजे तांब्यावर किंवा पितळेवर मायक्रॉनच्याही अंशात मोजावा लागेल असा मुलामा. त्यातलं सोनं काढून विकायचं म्हटलं तर काढणावळही सुटणार नाही. प्रमाणपत्रावर "लिमिटेड एडिशन ९९,९९९" असला आकडा असेल तर दुर्मिळ हा शब्द सोडूनच द्या. गठ्ठ्याचा हिशेब करताना ह्याची किंमत शून्य धरा.

एक अपवाद ध्यानात ठेवा. ब्रिटनचं २०१५ चं बॅटल ऑफ ब्रिटनचं ५० पेन्स, ज्यावर वैमानिक विमानांकडे धावतायत, ते संग्राहकांच्या संचातून आलं असेल तर त्यावर दर्शनी किंमतच नाही. चलनात आलेल्यावर आहे. म्हणजे किंमत नाही म्हणून सरळ खोटं, असं नाही. आधी देश आणि टांकसाळ बघा, मग किंमत.

आता क्राउन. इथे भलेभले फसतात. क्राउन आकाराची नाणी तांबे-निकेलमध्येही निघतात आणि ९२५ चांदीतही (हजारात ९२५ भाग शुद्ध), आणि दोन्हींचं ठरलेलं वजन २८.२८ ग्रॅमच असतं. व्यासही तोच, ३८.६ मिमी. म्हणजे काट्यावर ठेवून "२८.२८ आलं, चांदी आहे" असं कोणी म्हणालं तर त्याने काहीच सिद्ध केलेलं नाही. फरक पडतो तो जाडीत. चांदी जड, म्हणून त्याच वजनाचं चांदीचं नाणं पातळ निघतं. हिशेबाने सरासरी जाडीत साधारण ०.३५ मिमीचा फरक येतो. तिन्ही क्राउन टेबलावर शेजारी ठेवून कडेकडून बघा. एखादं वेगळ्या धातूचं असेल तर नुसत्या डोळ्यालाही दिसेल. तिन्ही सारखे दिसले तर तिन्ही एकाच धातूचे, एवढंच कळेल. कुठल्या धातूचे ते पाण्यात कळेल.

पाण्यातलं मोजमाप असं घ्या. काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड पाणी, नाणं पूर्ण बुडून वर दोन बोटं राहील एवढं. ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक नायलॉनचा दोरा बांधून ते पाण्यात लोंबकळत धरा. पूर्ण बुडालेलं असावं, पण तळाला आणि काचेला टेकू द्यायचं नाही. काट्यावर आलेले ग्रॅम म्हणजे नाण्याचं आकारमान घन सेंमीमध्ये. कोरडं वजन भागिले हा आकडा, की घनता मिळाली.

घनता अशी: ९९९ चांदी १०.४९, ९२५ चांदी सुमारे १०.३६, तांबे-निकेल ७५-२५ सुमारे ८.९५, पितळ ८.५ च्या आसपास. म्हणजे तुमचा २८.२८ ग्रॅमचा क्राउन पाण्यात २.७३ च्या जवळ आला तर चांदी, ३.१६ च्या जवळ आला तर तांबे-निकेल. फरक एवढा मोठा आहे की घरच्या काट्यावरही संशयाला जागा उरत नाही.

आधी काटा पारखून घ्या. आपलं जुनं जाड ५ रुपयांचं नाणं, तांबे-निकेलचं, ९ ग्रॅमचं, पाण्यात १.०० ते १.०१ दाखवायला हवं. तिथेच १.१० आलं तर पद्धत चुकतेय. चुका नेहमीच्याच असतात: नाणं तळाला टेकलं तर आकडा एकदम पूर्ण वजनाकडे उडी मारतो. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा थोडा जास्त येतो, घनता कमी निघते आणि खरी चांदी खोटी वाटते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे धरत नाहीत. पंखा बंद ठेवा, ०.०१ चा काटा वाऱ्यानेही हलतो.

दांडियाबाजारकर

मनापासून आभार. पंखा बंद करून, साबणाचा थेंब टाकून केलं. ५ रुपयांचं नाणं: कोरडं ८.९७, पाण्यात १.००. क्राउन एक: २८.२६ आणि ३.१५. क्राउन दोन: २८.३१ आणि ३.१६. तिसरा हिरव्या थराचा, तो अजून बुडवला नाही. शेजारी ठेवले तर तिन्हींची जाडी सारखी वाटते.

म्हणजे चांदी नाही ना? विक्रेता म्हणतोय घडियाळी पोळात जाऊन मशीनवर टंच (धातूची शुद्धता) काढून आणा.

वजनकाटा

२८.२६ भागिले ३.१५ म्हणजे ८.९७. २८.३१ भागिले ३.१६ म्हणजे ८.९६. तांबे-निकेल, विषय संपला. नाणी खरी आहेत हो, खोटी नाहीत. फक्त चांदीची नाहीत.

मशीनवरचा टंच काढायला हरकत नाही, पण ते यंत्र क्ष-किरणांनी फक्त वरचा पातळ थर वाचतं. मुलामा जाड असेल तर आत तांबं असूनही वर चांदीच दाखवेल. इथे उलट प्रकार आहे, तेव्हा यंत्रही तांबे-निकेलच दाखवेल. चोक्सीला (सोनं-चांदी पारखणाऱ्याला) कसोटीच्या दगडावर घासू मात्र देऊ नका. दागिन्यावर तो ओरखडा चालून जातो. संग्राहकाच्या नाण्यावर पडला की नाण्याची किंमत गेली.

घरबसल्या आणखी एक तपासणी: निओडायमियमचं छोटं चुंबक घ्या. नाणं ४५ अंशात तिरकं धरून चुंबक वरून सोडा. चांदीवरून ते मधात चालल्यासारखं हळू उतरतं, तांबे-निकेलवरून सरळ घसरून जातं. ह्यात चुंबक चिकटण्याचा संबंध नाही, धातूच्या विद्युतवाहकतेचा आहे. फक्त शुद्ध तांब्यावरही ते हळूच उतरतं, म्हणून चांदीचा मुलामा दिलेलं तांबं ह्या परीक्षेत पास होईल. पाण्यात होणार नाही. चुंबक थेट नाण्यावर ओढायचं नाही, मध्ये पातळ बटर पेपर ठेवा.

उड्डाणवेडा

क्राउनचा निकाल लागला, आता बाकीच्यांकडे वळू. ताई, ह्या गठ्ठ्यात खरी वजनदार वस्तू म्हणजे कॅनडाचं २० डॉलर. कॅनडाच्या टांकसाळीने १९९० ते १९९९ दर वर्षी विमानांची दोन नाणी काढली, ९२५ चांदी, ३१.१० ग्रॅम, ३८ मिमी. प्रत्येकावर एक विमान आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या लंबगोलात त्या विमानाशी संबंधित व्यक्ती. १९९० ला लँकेस्टर हे एक आणि अ‍ॅन्सन-हार्वर्ड ही जोडी दुसऱ्यावर. पुढे १९९६ ला सीएफ-१०० आणि सीएफ-१०५ अ‍ॅरो, १९९७ ला सेबर आणि ट्यूटर. मालिकेत नागरी विमानंही आहेत, १९९९ चा ट्विन ऑटर, १९९८ चं आगीवर पाणी टाकणारं सीएल-२१५ वगैरे. फक्त लष्करीच हवी असतील तर पूर्ण मालिकेच्या मागे लागू नका.

त्यात शुद्ध चांदी २८.७७ ग्रॅम. त्या दिवसाच्या चांदीच्या ग्रॅमच्या भावाने गुणा, ही झाली खालची मर्यादा. त्याच्या वर तुम्ही देणार ते नाण्याच्या अवस्थेचं आणि सोनेरी लंबगोल शाबूत असण्याचं मोल. भिंगातून लंबगोलाच्या काठावर मुलामा उडालाय का बघा, नाक आणि कपाळ हे उंच भाग आधी झिजतात.

हे नाणं पाण्यात घालू नका. कॅप्सूलही उघडू नका. प्रूफ नाण्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर पाण्याचा एक थेंब वाळला तरी डाग कायमचा. त्याऐवजी तशीच रिकामी कॅप्सूल मिळवा, तिचं वजन कॅप्सूलसकट वजनातून वजा करा. दोनतीन दशांश ग्रॅमचा फरक कॅप्सूलमुळे पडतो, तो सोडून द्या. त्याच आकाराचा तांबे-निकेलचा नकली तुकडा सुमारे २७ ग्रॅमच भरेल, म्हणजे ४ ग्रॅमची तूट, ती काही लपत नाही.

आता २ पौंडांचा संच. पाच नाणी: वायुसेनेचं बोधचिन्ह, स्पिटफायर, व्हल्कन, सी किंग हेलिकॉप्टर आणि एफ-३५ लायटनिंग. ही चलनात सोडलेलीच नाहीत, थेट संग्राहकांना विकली. म्हणून त्यावर खिशातल्या नाण्यासारखे ओरखडे दिसले तर समजा कोणीतरी फोल्डरमधून काढून परत घातलीत. फोल्डरचा प्लास्टिकचा पापुद्रा कडेने उचकटून पुन्हा चिकटवलाय का, नाणी एकाच दिशेला सरळ बसलीत का, ते बघा. साधी नाणी १२ ग्रॅम, २८.४ मिमी, बाहेरचं कडं निकेल-पितळी, आतली चकती तांबे-निकेल. कडेवर रॉयल एअर फोर्सचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे, "पेर आर्दुआ आद आस्त्रा". आपल्या वायुसेनेचं "नभः स्पृशं दीप्तम्" हे गीतेतलं, आणि दोघांचंही तोंड आकाशाकडेच. कडं आणि चकती ह्यांच्या सांध्यावर भिंग धरा. खऱ्या नाण्यात सांधा एकसारखा बारीक असतो. फट कमीजास्त दिसली किंवा चित्राची रेघ सांध्यावर तुटलेली दिसली तर थांबा.

आणि बडोदेकरांसाठी खास. रॉयल एअर फोर्सच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नावच "बडोदा" होतं. संस्थानाने विमानांसाठी निधी दिला म्हणून ते नाव. १९४१ मध्ये ती पुन्हा उभी राहिली ती स्पिटफायर घेऊन, पुढे उंचावर लढणारे खास स्पिटफायरही तिच्याकडे आले. १९४६ ला तिचा क्रमांक गेला. म्हणून बडोद्यात लष्करी विमानांचा संग्रह सुरू करायचा तर पहिलं नाणं स्पिटफायरचं, ह्यावर माझं मत पक्कं आहे. नाण्यावरचं विमान त्याच स्क्वाड्रनचं आहे असा अर्थ काढू नका म्हणजे झालं. ह्या संचातली भारताशी नातं असलेली दोनच: स्पिटफायर आपल्या वायुसेनेने उडवलं, सी किंग आपल्या नौदलाने. तसंच हार्वर्ड असलेलं कॅनडाचं १९९० चं दुसरं नाणं, ते विमानही वायुसेनेच्या प्रशिक्षणात होतं. "भारताने उडवलेली विमानं, परदेशी नाण्यांवर" असा धागा धरलात तर संग्रहाला आकार येईल आणि खर्चही आवाक्यात राहील.

मार्शल आयलंड्सबद्दल फार लिहीत नाही. तिथे रोजचं चलन अमेरिकन डॉलर, ही नाणी संग्राहकांसाठीच पाडलेली. पितळी १० डॉलर ज्याला त्याला सापडतं. ५० डॉलरची चांदीची भावंडं शोधा, ती खरी घेण्यासारखी.

कोरडी_पेटी

आता जतनाबद्दल, कारण बडोद्यात जून ते सप्टेंबर हवेचा ओलावाच खरा शत्रू.

हिरवट चिकट थर म्हणजे पीव्हीसीचा प्रताप. ती मऊ, लवचिक पाकिटं ज्यामुळे मऊ राहतात ते द्रव्य हळूहळू बाहेर येतं, सोबत प्लास्टिकमधून क्लोरीनयुक्त आम्ल सुटतं, ते तांब्याला धरतं, आणि हिरवं. उष्मा आणि ओल असली की वेग वाढतो. बाकीचे दोन क्राउनही आजच त्या पाकिटांतून काढा, दिसत नसलं तरी सुरुवात झालेली असते.

काढायचं कसं: केमिकलच्या दुकानातून शुद्ध अ‍ॅसिटोन आणा. नेलपॉलिश काढायचं द्रव नको, त्यात तेल, रंग, सुगंध असतो आणि तेच नाण्यावर राहतं. काचेच्या दोन वाट्या, खिडकी उघडी, गॅस बंद, उदबत्तीही बंद. पहिल्या वाटीत नाणं बुडवून दहा मिनिटं, मध्येमध्ये उलटं करा, बांबूच्या चिमट्याने कडेला धरून. घासायचं अजिबात नाही, कापसानेही नाही. मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये अर्धं मिनिट. बाहेर काढून उभं टेकवा, अ‍ॅसिटोन उडून जाईल, पुसावं लागत नाही. चिकटपणा राहिला तर पुन्हा एकदा. थर गेल्यावर खाली खड्डे किंवा फिके ठिपके दिसले तर ते आम्लाने खाल्लेलं आहे, ते भरून येत नाही. हे लक्षात घेऊनच त्या नाण्याचा भाव करा.

आणि महत्त्वाचं: ऑस्ट्रेलियाचं रंगीत १ डॉलर अ‍ॅसिटोनच्या जवळही नेऊ नका. रंग छापलेला असतो, मिनिटाभरात विमान वाटीत तरंगेल आणि हातात कोरी चकती उरेल. तसंच कॅप्सूल अ‍ॅसिटोनने पुसू नका, पारदर्शक प्लास्टिक दुधाळ होऊन तडकतं.

घरातले नेहमीचे उपाय सगळे बाद: चिंच, लिंबू, मीठ, दात घासायची पावडर, भांडी चकाकवायचा लोशन. चांदी बुडवून काढायची बाटली मिळते, तीही नको. ती काळेपणासोबत वरचा थरही काढते, नाणं पांढरं दिसतं पण टांकसाळीतली चमक गेलेली असते. अनुभवी डोळ्याला ते लांबूनही कळतं.

ठेवायचं कुठे: प्रत्येक नाण्याला त्याच्या मापाची कडक कॅप्सूल. २८.४ मिमीला २८.५ ची, कॅनडाच्या ३८ मिमीला ३८ चीच. ३९ च्या कॅप्सूलमध्ये ३८ चं नाणं खुळखुळतं आणि कड झिजते. क्राउनला ३८.६ ची घ्या, ३८ च्या कॅप्सूलमध्ये दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. आपल्या सरकारच्या चांदीच्या जुन्या मापाच्या १०० रुपयांना ४४ मिमीची. कॅप्सूल हवाबंद नसतात, म्हणून त्या सगळ्या रबरी कडेच्या हवाबंद डब्यात. डब्यात २० ग्रॅम सिलिका जेल, नारिंगीचं हिरवं होणारं घ्या, निळ्याचं गुलाबी होणारं कोबाल्टचं नको. हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशाला दोनेक तास, पुन्हा नारिंगी होतं. नाण्यांना जेलचा थेट स्पर्श नको, कापडी पुडीत ठेवा.

डब्याशेजारी काय नसावं हेही तितकंच महत्त्वाचं. रबरबँड नको, त्यातलं गंधक चांदी काळी करतं, रबरबँडच्या आकाराची काळी रेघ मी म्हणतो त्याचा पुरावा म्हणून कुठल्याही जुन्या संग्रहात दिसेल. वर्तमानपत्र नको, पुठ्ठ्याचं खोकं नको, लोकरी किंवा मखमली अस्तर नको. कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी तर नकोच, काही गोळ्यांच्या वाफेने कॅप्सूलचं प्लास्टिक मऊ पडतं.

दांडियाबाजारकर

बाप रे, रबरबँडनेच बांधून आलंय सगळं. काढला.

एक शंका. कॅनडाच्या नाण्यावर कॅप्सूलच्या आत पांढरे धुरकट ठिपके आहेत, तीनचार. अ‍ॅसिटोनने जातील का? आणि संचातली २ पौंडांची नाणी फोल्डरमधून काढून कॅप्सूलमध्ये घालावीत की तशीच ठेवावीत?

उड्डाणवेडा

ठिपके दुधाळ डाग असतील तर कशानेच जात नाहीत. चांदीची चकती टांकसाळीत धुताना राहिलेल्या रसायनामुळे ते पुढे कधीतरी वर येतात, अनेक देशांच्या चांदीच्या नाण्यांत दिसतात. अ‍ॅसिटोन तेल आणि प्लास्टिकचा थर काढतं, धातूत बसलेलं नाही. डाग आहेत तर भाव करताना तो मुद्दा धरा, चांदीच्या भावापेक्षा फार वर जाऊ नका.

फोल्डर तसाच ठेवा. मूळ वेष्टनासकट संचाची विक्रीकिंमत टिकते, आणि फोल्डर अख्खाच हवाबंद डब्यात मावतो.

कोरडी_पेटी

इथे माझं मत वेगळं. विकायचं असेल तर फोल्डर ठेवा, मान्य. पण पुठ्ठा स्वतःच ओल धरतो आणि काही पुठ्ठ्यांत गंधक असतं. बडोद्याच्या हवेत दहा वर्षांनी फोल्डर देखणा राहिला आणि आतल्या पितळी कड्यावर तपकिरी डाग पडले तर काय उपयोग? मधला मार्ग: फोल्डर ठेवा, पण त्यासोबत सिलिका जेल दुप्पट टाका आणि दर पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास, भिंगाने तपासा. डाग सुरू झाला की मगच कॅप्सूल. काढताना सुती हातमोजे घाला, कडेलाच धरा. बोटाचा ठसा प्रूफ किंवा चकचकीत नाण्यावर काही दिवसांत कोरला जातो.

टपालपेटी

पुढच्या खरेदीसाठी दोन गोष्टी. परदेशातून मागवायचं असेल तर पाठवणाऱ्याला विमा उतरवलेलंच टपाल करायला सांगा. जागतिक टपाल संघाच्या नियमात विमा नसलेल्या टपालात नाणी घालायला मनाई आहे, हरवलं तर दाद कुठेच नाही. कस्टमच्या कागदावर "भेटवस्तू" लिहू नये. "स्मारक नाणं, अमुक धातू, इतके ग्रॅम, इतकी किंमत" असं नीट लिहिलेलं असलं की अडवणूक कमी होते. चांदीच्या नाण्यावर जकात लागते, ती धरूनच भाव परवडतो का ते बघा.

दुसरं, देशी नाणी विसरू नका. वायुसेनेच्या प्लॅटिनम ज्युबिलीचं २००७ चं २ रुपयांचं स्टेनलेस स्टीलचं नाणं मंगळबाजारातल्या, शुक्रवारीतल्या सुट्या नाण्यांच्या ढिगातही सापडतं. ह्याला चुंबक चिकटायलाच हवं, तांबे-निकेलसारखं सरकलं तर संशय घ्या. टांकसाळीची खूण वर्षाच्या खाली: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची काहीच नाही. एकच नाणं वेगवेगळ्या टांकसाळींचं जमवायचं तर स्वस्तातला मोठा नाद होतो. अमेरिकेकडेही स्वस्त नाणी आहेत: २०२१ चा टस्कीगी वैमानिकांचा पाव डॉलर, वर दोन मस्टँग लढाऊ विमानं. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या पन्नाशीचा अर्धा डॉलर, सैनिकांच्या चेहऱ्यांमागे बी-१७ बॉम्बर, वजन ११.३४ ग्रॅम.

"तुमचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी शुल्क भरा" असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच ह्याबाबत सावध केलंय, बँक असले व्यवहार करत नाही. नाणी पाडायचा अधिकार २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे केंद्र सरकारचा. बडोद्यात सी-२९५ ह्या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना सुरू झाल्यापासून विमानाचं चित्र असलेली खासगी पदकं कोणी "नाणं" म्हणून देऊ केली तर पदक म्हणून घ्या, पदकाच्या भावात.

वजनकाटा

ताई, गठ्ठ्याचा हिशेब असा मांडा. कॅनडा: २८.७७ गुणिले चांदीचा ग्रॅमचा भाव, डागांमुळे वर फारसं नाही. पाच नाण्यांचा संच: फोल्डर शाबूत असेल तर दुसऱ्या विक्रेत्याचा भाव विचारून तेवढाच. क्राउन: तांबे-निकेलचे म्हणून, तिसरा अ‍ॅसिटोननंतर बघून. मार्शल आणि ऑस्ट्रेलिया: किरकोळ. सोनेरी पदक: शून्य. ही बेरीज त्याच्यापुढे ठेवा, आणि काटा, ग्लास, दोरा सोबत घेऊन जा. क्राउन पाण्यात सोडून ३.१६ चा आकडा त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या, घासाघीस आपोआप आटोपते.

दांडियाबाजारकर

तिसरा क्राउन अ‍ॅसिटोनमध्ये घातला, दोनदा. हिरवं गेलं, विमानाच्या शेपटीजवळ दोन बारीक खड्डे राहिलेत. कोरडं २८.२२, पाण्यात ३.१५. उद्या ग्लास आणि दोरा पिशवीत घालून जाते.